क्लिनिकलचं एम.ए. आहे, पण आरसीआय नोंदणी नाही. मदत हवी आहे

गेल्या वर्षी क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.ए. झालं. पदवीवर ‘क्लिनिकल’ आहे खरं, पण अभ्यासक्रमाला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, मान्यताच नव्हती. (प्रवेश घेताना विचारायचं सुचलंच नाही!) नोंदणीचा नेहमीचा मार्ग असलेल्या एम.फिल.ला यूजीसीने २०२५-२६ पर्यंतच मुदत दिली होती, त्यामुळे त्यावर भिस्त नाही. आरसीआयच्या संकेतस्थळावरची संस्थांची यादी चाळून झाली. कॉलेजात विचारलं तर ‘साय.डी. (क्लिनिकल सायकॉलॉजीतली डॉक्टरेट) बघा’ एवढंच उत्तर. नेट (प्राध्यापकीसाठीची परीक्षा) सुचवू नका, शिकवायचं नाहीये, रुग्णांसोबत काम करायचंय. महाराष्ट्राबाहेर जायची तयारी आहे, फी मात्र वर्षाला २ लाखांपुढे झेपणार नाही. नुकताच कुणी प्रवेश घेतला असेल तर सांगा: माझ्या एम.ए.वर थेट साय.डी.ला घेतात, की मान्यताप्राप्त एम.ए. पुन्हा पहिल्या वर्षापासून करावं लागतं?