वॉरियर्ससाठी सगळ्यात महत्त्वाचा कोण, करी की ड्रेमंड?

शेवटचा_पास
दोन दिवस झाले मित्राशी वाद चाललाय. तो म्हणतो एनबीएमधली (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) गोल्डन स्टेट वॉरियर्सची टीम खरी ड्रेमंड ग्रीनवर उभी आहे, स्टीफन करीवर नाही. मी आधी हसण्यावारी नेलं, पण मग त्याने 2016 ची फायनल काढली आणि मला पटकन उत्तरच सुचेना. सीझनमध्ये 73 जिंकून फक्त 9 हरलेली टीम, सात मॅचच्या सीरिजमध्ये 3-1 ने पुढे, गेम 5 ला ड्रेमंड सस्पेंड, आणि त्याच मॅचला समोरच्या क्लीव्हलँडच्या लेब्रॉनने 41 आणि कायरीने पण 41 मारले, तेही वॉरियर्सच्या घरच्या कोर्टवर. तिथून जी सीरिज फिरली ती फिरलीच, वॉरियर्स हरले. करी तर होता ना त्या मॅचला? गेम 7 मध्ये पण ड्रेमंडचे 32 पॉइंट, 15 रिबाउंड, 9 असिस्ट. मी करीचाच फॅन आहे पण याला काय उत्तर देऊ सांगा. फक्त "दोन वेळा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) आहे" असलं नको, ते सांगून झालंय.

कोपऱ्यातून_तीन
अरे सोप्पंय, मित्राला 2019-20 दाखव. करीचा हात मोडला, सीझनभरात 5 मॅच खेळला, आणि ड्रेमंड 43. टीमचं काय झालं? 15-50. लीगमध्ये सगळ्यात खाली. आता तो म्हणेल टीमचे बाकीचे स्टार, क्ले थॉम्पसन पण नव्हता, केविन ड्युरंट पण टीम सोडून गेला होता, बरोबर आहे. म्हणून लगेच पुढचा सीझन दाखवायचा. क्ले तेव्हाही अख्खा सीझन बाहेर (आधी गुडघा, मग अकिलीस, बिचारा), ड्युरंट नाहीच, पण करी परत आला, 32 च्या ॲव्हरेजने स्कोअरिंगमध्ये पहिला आला आणि टीम 39-33. बाकी प्लेअर थोडेफार बदलले होते हे मान्य, पण एवढा फरक त्यांनी पाडला असं म्हणणार का कोणी?

आणि 2025 चं पण बघा. प्लेऑफमध्ये टिंबरवुल्व्ह्जविरुद्ध पहिल्याच मॅचला करीची हॅमस्ट्रिंग गेली, ती मॅच कशीबशी काढली आणि पुढच्या चारही हरले. ड्रेमंड होता, जिमी बटलर पण होता.

बाय द वे, 2016 च्या गेम 5 मध्ये वॉरियर्सचा सेंटर बोगट याचा गुडघा पण गेला होता आणि तो नंतरच्या दोन्ही मॅच खेळलाच नाही, हे सगळे सोयीस्कर विसरतात.

जुना_पॉइंटगार्ड
कोण नसताना किती हरले हा हिशोब ठीक आहे हो, पण त्याने अर्धंच कळतं. ते दोघं मिळून करतात काय ते बघा ना. करी बॉल घेऊन वर येतो, ड्रेमंड स्क्रीन लावतो (करीच्या डिफेंडरच्या वाटेत उभा राहतो), आणि डिफेन्सचे दोघं करीच्या अंगावर धावतात कारण त्याला तीस फुटांवर मोकळं सोडणं म्हणजे तीन पॉइंट हातात दिल्यासारखंच. करी त्या दोघांच्या मधून बॉल ड्रेमंडकडे टाकतो, ड्रेमंड फ्री थ्रो लाइनच्या आसपास बॉल पकडतो, आणि आता समोर उरलेत तीन डिफेंडर आणि आपले चार. इथून पुढचं सगळं त्याच्या डोक्यात. सेंटर पुढे आला तर वर लॉब (उंच पास), नाही आला तर स्वतः लेअप, कोपऱ्यातला माणूस आत सरकला की कोपऱ्यात पास. हे सगळं एका सेकंदात ठरवायचं असतं आणि त्याच्या साइजचे बहुतेक प्लेअर तिथं बॉल हातात घेऊन नुसते उभे राहतात.

पण माझं म्हणणं असं की हा जो एक माणूस जास्त मिळतो ना, तो करीमुळे मिळतो. ड्रेमंडला दुसऱ्या टीममध्ये टाका, तिथं कोण दोघंजण पॉइंट गार्डवर धावणारेत? डोकं तेच राहील पण समोर तीनच्या जागी चार उभे असतील, आणि ह्याचा स्वतःचा बाहेरचा शॉट तर डिफेन्स मुद्दाम सोडून देतो. उलट करीला कुठेही टाका, दोघं तिथेही धावणारच. म्हणून माझं मत करीला, पण मित्राला येडा म्हणू नका.

झोन_डिफेन्स
@जुना_पॉइंटगार्ड अटॅकचं सगळं पटलं, पण अर्धी मॅच दुसऱ्या बाजूला पण असते की राव 😄 2015 ची फायनल आठवा. 2-1 ने मागे होते, कोच स्टीव्ह कर यांनी बोगटला बसवून इग्वाडालाला स्टार्ट केलं आणि सहा फूट सहा इंचाच्या ड्रेमंडला सेंटरला टाकलं. त्यानंतर सलग तीन जिंकले. फायनल्स एमव्हीपी इग्वाडालाला मिळाला, पण तो लाइनअप चालला कारण हा माणूस सेंटरला पण धरतो, गार्डला पण धरतो आणि मागून ओरडून बाकी चौघांना जागेवर लावतो. 2012 च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा) 35वा गेलेला पोरगा! 2017 ला डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर उगाच नाही दिला. करीला डिफेन्समध्ये लपवता येतं ते मागे कोण आहे म्हणून?

कोपऱ्यातून_तीन
@झोन_डिफेन्स 2022 ची फायनल, बोस्टनमध्ये गेम 4, परत 2-1 ने मागे. करीचे 43 पॉइंट. ड्रेमंडचे 2, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये त्याच स्टीव्ह कर यांनी त्याला मधेमधे बेंचवर बसवलं होतं. जिंकले.

झोन_डिफेन्स
त्याच मॅचला 9 रिबाउंड आणि 8 असिस्ट पण होते, ते पण लिही की.

कॅप_स्पेस
सगळे कोर्टवरचंच बोलताय म्हणून जरा वेगळं. करीचा घोटा सारखा दुखावायचा म्हणून 2012 मध्ये त्याने 4 वर्षांचं 4 कोटी 40 लाख डॉलरचं, म्हणजे स्वस्तातलं काँट्रॅक्ट साइन केलं. नंतर तो झाला एमव्हीपी पण पगार तोच जुना. मग 2016 मध्ये टीव्हीच्या पैशामुळे कॅप (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) एकदम 7 कोटींवरून 9 कोटी 40 लाखांच्या वर गेली आणि करी, क्ले, ड्रेमंड असताना ड्युरंट पण मावला. 2017 आणि 2018 च्या दोन्ही ट्रॉफ्या तिथून आल्या. त्यामुळे माझं मत करीच्या घोट्याला.

शेवटचा_पास
घोटा 😂😂 हे मी आज रात्रीच त्याला ऐकवणार.

बाकी @जुना_पॉइंटगार्ड तुमचं "दोघं कोणावर धावतात" हे भारी आहे, ते पाठवलं त्याला. त्याचं उत्तर आलंय, "मग करीला त्या दोघांतून सोडवायला स्क्रीन कोण लावतो?" म्हणजे आम्ही परत तिथंच. आणि आता म्हणतोय की क्लेचं नाव कोणीच घेतलं नाही, 2016 ला फायनलच्या आधीच्या सीरिजमध्ये ओक्लाहोमाविरुद्ध गेम 6 मध्ये त्याने 11 थ्री (तीन पॉइंटचे शॉट) मारले नसते तर ती फायनल झालीच नसती. ह्याचं काय करायचं सांगा.