सागरी कयाकला सुकाणू हवं का? (मालवण ते निवती)

किनारपट्टी१७
नमस्कार मंडळी. मालवणहून देवबाग, भोगवे करत निवतीपर्यंत जायचा बेत आहे. दोघं मित्र, दोन वेगळ्या कयाक. मी वापरलेल्या दोन बघून ठेवल्यात, दोन्ही १७ फुटी. एकीला मागे पायाने फिरवायचं सुकाणू आहे, दुसरीला तळातून खाली सोडायचा स्केग, म्हणजे न वळणारं पातं. स्केगवाला म्हणतो, सुकाणू ही नवशिक्याची कुबडी. पण दुपारी वारा सुटला की भाड्याच्या कयाकची नाळ (पुढचं टोक) सारखी समुद्राकडे वळते आणि उजवा खांदा भरून येतो. काय घेऊ?

तारकर्लीची_मी
सुकाणूवाली घ्या. का ते नीट सांगते, कारण 'कुबडी' हा शब्द ऐकून बरेच जण चुकीची होडी घेतात.

शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, ते इथे रोज भेटतात. सकाळी मतलई मंद असतो, पाणी सपाट. दुपारी वायव्येकडून खारा वारा चढतो. तुम्ही दक्षिणेला चाललात की तो उजव्या बाजूने, थोडा मागून लागतो. पुढे जाणाऱ्या कयाकची नाळ नवं पाणी कापत असते, त्यामुळे ती पाण्यात रोवलेली राहते. मागचा भाग ढवळलेल्या पाण्यात असतो, तो वाऱ्याने सहज बाजूला ढकलला जातो. म्हणून नाळ वाऱ्याकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत खोल समुद्राकडे वळते. तुमचं वल्हं चुकत नाहीये.

सुकाणू वळवण्यासाठी नसतं, सरळ ठेवण्यासाठी असतं. हे एकदा पटलं की अर्धा वाद संपतो. स्केगही तेच करतो. पूर्ण वर असेल तर नाळ वाऱ्याकडे जाते, पूर्ण खाली सोडला तर उलट वाऱ्यापासून लांब पळते, मध्ये कुठेतरी समतोल सापडतो. बाजूचा एकसारखा वारा असेल तर स्केग फार छान. पण मागून तिरकी लाट आली की प्रत्येक लाट पिछाडी वेगळी फेकते, आणि तिथे पायाने क्षणात उत्तर देता येणारं सुकाणू लांबच्या पल्ल्याला खांदे वाचवतं.

आता त्याची दुसरी बाजू. जुन्या सुकाणूंमध्ये पाय टेकायची फळीच पुढेमागे सरकते. पायाला घट्ट आधार नसेल तर वल्ह्यात ताकद उतरत नाही आणि उलटलेली कयाक सरळ करणंही अवघड जातं. फळी पक्की आणि फक्त अंगठ्याकडचा भाग हलणारा, अशी रचना असेल तरच पैसे मोजा. पायापासून सुकाणूपर्यंत जाणाऱ्या तारा हाताने चाचपून बघा. खाऱ्या पाण्याने एखादी शीर तुटलेली असेल तर ती बोटाला टोचते.

आणि देवबागचा संगम! कर्ली नदीच्या मुखातून ओहोटी बाहेर पडत असताना समोरून वारा आला की तिथे लाट उभी राहते आणि फुटते. लाटेच्या माथ्यावर सुकाणू हवेत येतं, म्हणजे नेमकं गरजेच्या क्षणी ते नसतं. तिथे कयाक कलवून, रुंद वल्हं मारूनच मार्ग धरावा लागतो. संगम शक्यतो भरतीच्या पाण्यावर, सकाळीच ओलांडा.

म्हणून माझा आग्रह आहे की पहिले काही दिवस सुकाणू वर बांधूनच सराव करा. समुद्राकडच्या कुशीवर कयाक कलवायची आणि त्याच बाजूला रुंद वल्हं मारायचं, नाळ किनाऱ्याकडे परत येते. हे अंगात बसल्यावर सुकाणू खाली सोडा.

किनाऱ्याला लागताना ते आठवणीने वर घ्या. वाळूत आपटलं तर पातं वाकतं. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागलेली असेल तर दोरापासून लांबून जा, पातं दोरात अडकलं की तुमचाही खोळंबा आणि रापणकरांच्या जाळ्याचंही नुकसान. ते त्यांचं पोट आहे.

ऑकलंडवासी
सहमत. इकडे न्यूझीलंडमध्ये एबल टास्मन राष्ट्रीय उद्यानात भाड्याने मिळणाऱ्या दोघांच्या कयाकना सुकाणू असतंच. दोघांची लांब, जड होडी नुसती कलवून वळत नाही. ब्रिटिश पद्धतीने शिकलेले लोक मात्र स्केगच पसंत करतात. जुनी उदाहरणं हवी असतील तर ऑस्कर स्पेक वाचा. हा जर्मन माणूस १९३२ साली घडीच्या कयाकमधून निघाला, भारताचा पश्चिम किनारा उतरून पुढे १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला.

किनारपट्टी१७
फार आभार. ताई, सुकाणूवालीच्या फळ्या पक्क्या आहेत, आजच विचारून घेतलं. सामान कुठे भरू? तंबू आणि पाण्याचे कॅन आहेत.

तारकर्लीची_मी
पाणी पाठीमागे, आसनाला लागून. मागचा भाग किंचित जड असला की तो वाऱ्याने कमी सरकतो. तंबू पुढे. पण पाणी पिऊन संपत जाईल तसं परतीच्या दिवशी वजन पुन्हा लावा, कारण येताना तोच वारा समोरून डाव्या अंगाला असेल आणि रिकामी पिछाडी लगेच घसरेल. सुकाणूच्या तारेऐवजी चालेल अशी मजबूत दोरी आणि छोटी पक्कड हाताशी ठेवा, मागच्या कप्प्यात नको.