कमिन्स ५.९ डिझेल इंजिन (१२ व्हॉल्व्ह): गव्हर्नर स्प्रिंगा बदलायच्या आहेत, हार्मोनिक बॅलन्सर कोणता घेऊ?

ह्यूस्टनकर
नमस्कार मंडळी. गाडी १९९७ ची डॉज रॅम २५००, पी७१०० डिझेल पंपवाली. टर्बो आणि इंजेक्टर मोठे टाकलेत. आता गव्हर्नरच्या (इंजिनाचा कमाल वेग अडवणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगा बदलून ३५०० आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) न्यायचंय. बॅलन्सर, म्हणजे क्रँकच्या टोकाचं कंपन शोषणारं चाक, मूळचाच, रबराचा. फ्लुइडॅम्पर कंपनीचा घेऊ की एटीआयचा? गाडी रोजची आहे, अधूनमधून ट्रेलर ओढते. शर्यतीचा विचार नाही.

डिझेलप्रेमी_पुणे
फ्लुइडॅम्पर घ्या. कारण सांगतो.

सहा सिलिंडरच्या या इंजिनात क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) एका फेऱ्यात तीन स्फोट होतात. दर स्फोटाला क्रँक किंचित पिळला जातो आणि सुटताना उलट झुलतो. सरळ सहाचं इंजिन एरवी इतकं शांत चालतं की हा पीळ बसल्या जागी कळतच नाही, आणि म्हणूनच तो धोक्याचा. क्रँक लांब, त्यात तुम्ही डिझेल वाढवलंय, म्हणजे प्रत्येक झटका मोठा. कंपनीने रबर जुळवलंय ते मूळच्या वेगासाठी, पावणेतीन हजारांच्या आतल्या. त्यापुढच्या कंपनांवर त्याचा भरवसा नाही.

फ्लुइडॅम्परमध्ये बंद डब्यात जड कडं असतं आणि भोवती दाट सिलिकॉन. डबा क्रँकबरोबर झटके खातो, कडं आपल्या संथ लयीत फिरत राहतं. दोघांच्या ओढाताणीत सिलिकॉन घासलं जातं, कंपनाची उष्णता होते आणि ती बाहेर निघून जाते. तो एकाच वेगाला बांधलेला नसल्याने ट्रेलर ओढतानाही उपयोगी, वरच्या आरपीएमलाही. एटीआयही उत्तम माल आहे, पण त्यात रबरी रिंगा असतात. उघडून नव्या घालता येतात, म्हणून इंजिन वरचेवर खोलणाऱ्या रेसवाल्यांना तो जास्त सोयीचा.

गॅरेजवाले_काका
हेच ५.९ आपल्याकडे टाटाच्या ट्रकांत आलं, त्यामुळे ओळखीचं आहे. ह्यूस्टनकर, स्प्रिंगा राहू द्या, आधी जुना बॅलन्सर बघा. हब (मधला भाग) आणि बाहेरच्या कड्यावर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढा. काही दिवसांनी रेघ तुटलेली दिसली तर कडं सरकतंय, रबर गेलं. इतक्या जुन्या रबराला भेगा असणारच.

नव्याला हातोडा लावायचा नाही, भोक पाडायचं नाही. पोचा आला तर आतलं कडं अडकतं आणि क्रँकच्या टोकाला नुसतं लोढणं उरतं. सेकंडहँड तर अजिबात नको, आतल्या सिलिकॉनची अवस्था बाहेरून कळत नाही.

आणि वर्ष सांगूनच मागवा. तुमच्या गाडीत आरपीएमचा सेन्सर बॅलन्सरवरच्या खाचा वाचतो. खाचा नसलेला बसवलात तर टॅकोमीटर (आरपीएमचा काटा) बंद, वर अल्टरनेटर चार्जिंगही सोडतो.

ह्यूस्टनकर
काका, मोठा धोका टळला, मी बिनखाचांचाच कार्टमध्ये टाकला होता. स्टीलची भरीव पुली निम्म्या किमतीत मिळतेय, ती?

डिझेलप्रेमी_पुणे
नको. तिच्यात कंपन शोषणारं काहीच नाही. तेवढ्यापेक्षा मूळच्या जातीचा नवा रबरी बॅलन्सर लावा आणि गव्हर्नरला हात लावू नका.

गॅरेजवाले_काका
सहमत. ३५०० ला जायचंच असेल तर व्हॉल्व्ह स्प्रिंगाही कडक लागतील. मूळच्या नरम आहेत, वरच्या वेगाला व्हॉल्व्ह वेळेत बसत नाहीत. बॅलन्सर, व्हॉल्व्ह स्प्रिंगा, मग गव्हर्नर, या क्रमाने करा. पुढचं क्रँक सील (तेल अडवणारं) त्याच वेळी बदलून घ्या, बॅलन्सर उतरलेलाच असेल.