सहावी ते आठवीच्या मुलांना नाटक शिकवताना आलेले अनुभव

विंगेतून
काल माळा आवरताना सतरा वर्षांपूर्वीची संवादांची वही हाती लागली. निळ्या शाईतले संवाद, समासात लाल शाईने लिहिलेल्या माझ्या सूचना आणि चौथ्या पानावर पाण्याचा मोठा डाग. तो डाग पाहताच सातवीतला एक मुलगा डोळ्यांपुढे उभा राहिला.

त्याचा आवाज नुकताच फुटू लागला होता आणि त्याने तोंड उघडले की वर्ग हसायचा. त्याला सेवकाचे काम दिले होते. "महाराज, विहीर आटली, हे शेवटचे पाणी आहे," एवढे एकच वाक्य. रिकामा तांब्या घेऊन तो यायचा, मान खाली, दुसऱ्या हाताचा सदऱ्याच्या टोकाशी चाळा चाललेला, आणि वाक्य ओठांतच विरायचे. 'मोठ्याने बोल', 'वर बघ' असे मी चार दिवस सांगत राहिले. तो आणखीच आक्रसला. पाचव्या दिवशी तांब्या काठोकाठ भरून त्याच्या हाती दिला आणि एक थेंबही सांडू नकोस, इतकेच सांगितले. दोन्ही हातांनी तांब्या धरून, पाण्यावर नजर खिळवून, तो एकेक पाऊल टाकत आला आणि वाक्य बोलला. कोणी हसले नाही. पुढे तांब्या घेताना महाराजांच्याच हातून पाणी सांडले, ते या वहीवर. तेव्हापासून या वयाच्या मुलांना 'चेहऱ्यावर भाव आण' असे मी कधी सांगितले नाही. त्यांच्या हाताला काम देते. आपण काय करता, ते अवश्य लिहावे.

खडूफळा
मधल्या सुट्टीत लिहीत आहे. आमच्याकडे अडचण आवाजाची. स्नेहसंमेलनाला मैदानावर मंडप असतो, वरून दोन माइक टांगलेले असतात आणि सगळी पात्रे त्यांच्याखाली गोळा होतात. म्हणून पहिले पंधरा दिवस मी माइकशिवाय तालीम घेतो आणि स्वतः पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ उभा राहतो. ऐकू आले नाही की हात वर करतो. यातून एक गोष्ट कळली. आपल्या भाषेत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात, आणि मुलांचा श्वास नेमका तिथेच संपतो. "मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही" यातले 'नाही' विरून जाते आणि प्रेक्षकांना उलटाच अर्थ ऐकू येतो. आता ओरडायला न सांगता, शेवटच्या शब्दापुरता श्वास राखून ठेवायला शिकवतो. रंगीत तालमीपर्यंत घसे शाबूत राहतात.

धानाचा बांध
सर, पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत याच्या अगदी उलट आहे. वडसा परिसरात धानाची कापणी झाली की गावोगावी रात्रभर नाटके चालतात आणि मुले आईच्या मांडीवर असल्यापासून ती पाहतात. माझ्या सहावीच्या वर्गाला पल्लेदार संवाद शिकवावा लागला नाही; समोरचा बोलत असताना गप्प उभे राहून ऐकणे मात्र दोन महिने शिकवावे लागले. एक चूक माझ्या हातूनही झाली. एक मुलगी 'पानी' म्हणायची आणि मी प्रत्येक वेळी थांबवून 'पाणी' म्हणायला लावायचो. आठवड्याभरात तिचे सगळे लक्ष 'ण'कडे लागले आणि काम निर्जीव झाले. शेवटी ते पात्र घरच्या बोलीत लिहिले. ती असे काही बोलू लागली की स्वयंपाकाच्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. पुढे एका स्पर्धेत परीक्षकांनी उच्चारांचे गुण कापले, याचे मला आजही वाईट वाटते.

आईची धावपळ
धानाचा बांध, वाचून फार वाईट वाटले. त्या मुलीला माझी शाबासकी कळवा. माझा मुलगा सहावीत असून परवा त्याला मिशी लावायची आहे. मागच्या वेळी गोंदाने ओठावर पुरळ आले होते. काय करावे?

खडूफळा
ताई, मिशी काजळाने रेखावी आणि आधी खोबरेल तेलाचा पुसटसा हात द्यावा. या वयात खोट्या मिशीचा उपयोगही होत नाही. मुलाचे सगळे ध्यान ती पडेल का याकडेच राहते.

रविवारची शाळा
आम्ही परदेशात दर रविवारी मराठी शाळा चालवतो. येथील बाराएक वर्षांच्या मुलांना मराठी कळते. पण देवनागरी वाचताना अडखळतात, म्हणून संवाद रोमन लिपीत लिहून द्यावे लागतात. त्यात 'ड' आणि 'द' एकच होतात आणि 'डाळ' मागणारा 'दाळ' मागतो. एका मुलीने आजीची भूमिका घेतली आणि सातारच्या आपल्या आजीकडून सगळे संवाद फोनवर म्हणवून घेतले. तिने उच्चार तर उचललेच, शिवाय बसताना गुडघ्यावर हात टेकून आजी 'अगं आई गं' म्हणते, तेही उचलले. ते संहितेत नव्हते, आम्ही ठेवले.

नवी बाई
यंदा प्रथमच आठवीला नाटक शिकवत आहे. मुलगे व मुली समोरासमोर उभे राहायलाच तयार नाहीत. भावाबहिणीचा प्रवेशसुद्धा पाठमोरा होतो. ग्रिप्स या बालनाट्य चळवळीच्या नाटकांत मोठी माणसे मुलांच्या भूमिका सहज करतात आणि आमच्या मुलांना मुलांचीच भूमिका करताना इतका संकोच! विंगेतून ताई, मार्ग सुचवाल का?

विंगेतून
बाई, प्रवेश आठवडाभर बाजूला ठेवा आणि रोज दहा मिनिटे आरशाचा खेळ घ्या. जोडीतल्या एकाने हळूहळू हात हलवायचे आणि दुसऱ्याने प्रतिबिंब व्हायचे. स्पर्श नाही, बोलणे नाही, दोघांत हातभर अंतर. पहिल्या दिवशी जोड्या मुलामुलांच्या व मुलीमुलींच्याच ठेवा. तिसऱ्या दिवशी काही न सांगता रांग एका जागेने सरकवा, जोड्या आपोआप बदलतील. हात फार सावकाश हलवायला सांगा, म्हणजे समोरच्याकडे पाहिल्यावाचून गत्यंतर नसते. त्यानंतर भावाबहिणीच्या प्रवेशात दोघांना एकच चादर घडी करायला द्या आणि संवाद घडी घालता घालता म्हणू द्या. चादर जरा मोठी घ्या, दोन्ही टोके जुळवायला त्यांना एकमेकांकडे चालत यावेच लागेल.