एसी सर्किट्समध्ये हे jω (जे ओमेगा; j म्हणजे उणे एकचं वर्गमूळ, ω म्हणजे २π गुणिले फ्रिक्वेन्सी) कुठून येतं?

इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे, डीसी जमलं पण एसी सुरू झाल्यापासून फेजर (साइन वेव्हची उंची आणि सरकणं एकाच कॉम्प्लेक्स आकड्यात लिहिणं) डोक्यावरून जातायत, सरळ पाठ करून टाकू का?

— पाठ अजिबात नको रे. कपॅसिटरचा करंट म्हणजे सी (कपॅसिटन्स) गुणिले व्होल्टेजचा डेरिव्हेटिव्ह, आणि साइन वेव्ह डिफरन्शिएट केली की परत साइनच येते, फक्त ९० अंश पुढे सरकलेली आणि ओमेगापट, ते सरकणं म्हणजेच j ने गुणणं. डिफरन्शियल इक्वेशनचं साधं बीजगणित होऊन जातं, मला तर हे फार सुंदर वाटतं!

— आकडे घालून बघ. १० मायक्रोफॅरडला ५० हर्ट्झवर रिॲक्टन्स (एसीला होणारा अडथळा, १/ωC) ३१८ ओहम, ५ किलोहर्ट्झवर जेमतेम ३.२. मग लॅबमध्ये आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) जोडून ऑसिलोस्कोपवर व्होल्टेज आणि करंट दोन्हीच्या वेव्ह एकत्र लाव, सरकलेली दिसेल.

— पुढे मशीन्स, कंट्रोल, सगळीकडे हेच येतं, आत्ताच वेळ दे.