मदत हवी आहे: रेकॉर्डर बंद केल्यावर सांगितलेलं प्रबंधात वापरावं का?

नमस्कार मंडळी,

मी पर्यटन विषयात एम.ए. करतेय. लघुप्रबंध तारकर्ली-देवबागच्या घरगुती निवास-न्याहारीवर आहे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला, त्यानंतर खोल्या किती वाढल्या हे मोजायचं नाहीये. पाहुणे आले की घरातल्या बाईचा दिवस कसा बदलतो, ते समजून घ्यायचंय. म्हणून प्रश्नावली न करता मोकळ्या मुलाखती आणि सहभागी निरीक्षण (त्यांच्यात वावरत, कामात हात लावत पाहणं).

११ मुलाखती झाल्या. पुढच्या खळ्यात (अंगणात), रेकॉर्डर चालू असताना सगळ्या जणी एकच सांगतात: पाहुणा म्हणजे देव, बरं चाललंय. तेही प्रमाण मराठीत, आणि निम्मी उत्तरं त्यांचे नवरेच देतात. रेकॉर्डर बंद झाला की मागीलदारी, नारळ खवता खवता, मालवणीतून खऱ्या गजाली सुरू होतात. पैसे कोणाच्या हातात जातात, खोली पाहुण्यांना दिली की मुली कुठे झोपतात. (कोण काय म्हणालं ते इथे लिहीत नाही.)

समाजशास्त्रज्ञ गॉफमन यांच्या दर्शनी भाग आणि पडद्यामागचा भाग या मांडणीवरून मॅकॅनेल यांनी १९७३ मध्ये पर्यटकांसमोर उभ्या केलेल्या अस्सलपणाबद्दल लिहिलं. वर्गात ते अवघड वाटलं होतं. इथे खळं आणि मागीलदार इतकं ते सरळ दिसतं.

पण संमती घेतली ती खळ्यातल्या बोलण्याची. एका काकींनी हात थांबवून विचारलंही, "ह्या लिवतलंस काय गो?" मी नुसती हसले, आणि रात्री सगळं वहीत उतरवलं. ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

माझे प्रबंधाचे गाईड म्हणतात, रेकॉर्डिंग नाही तर तो डेटा नाही. मला पटत नाही, क्षेत्रनोंदी हाही डेटाच. पण परवानगीचं काय? आणि त्यांनी नाही म्हटलं तर?

प्रतिसाद: परत जा. एकदा सही घेतली की संमती संपत नाही, दर टप्प्यावर विचारावी लागते. पावसाळ्यात पाहुणे कमी, बायकांना थोडी उसंत असते. त्यांच्यापुरता भाग वाचून दाखवा, मालवणीतच. नुसतं नाव बदलून भागणार नाही. 'संगमाजवळचं चार खोल्यांचं घर' लिहिलंत की अख्खा गाव ओळखेल. नकार आला तर ती नोंद काढून टाका. मात्र रेकॉर्डर बंद झाल्यावर बोलणं बदलत होतं, हे तुमचं स्वतःचं निरीक्षण आहे. कोणाचंही बोलणं न देता ते पद्धतीच्या प्रकरणात लिहा.

धागाकर्ती: मनापासून आभार. जूनच्या शेवटी जाते. एकच विचारायचंय: वाचून दाखवताना त्यांचे नवरे शेजारी येऊन बसले तर काय करावं?