बांबू-सागाचं धनुष्य: कोणता गोंद?

प्रश्न: घरच्या पडवीत धनुष्य बनवतोय. पाठीला (बाण मारणाऱ्यापासून लांबच्या बाजूला) बांबू, पोटाला (त्याच्याकडच्या बाजूला) सागाची पट्टी. पांढरा सुतारी गोंद चालेल का? क्लॅम्प चारच आहेत.

उत्तर: दादा, पांढरा गोंद नको. सतत ताणाखाली तो हळूहळू सरकतो. सावकाश सुकणारं इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) घ्या. साग तेलकट, म्हणून चिकटवायच्या आधी ६० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून ॲसिटोनने पुसा. आणि क्लॅम्प जीव खाऊन आवळू नका! इपॉक्सी बाहेर पिळून निघतं, सांधा कोरडा राहतो.

दुसरं उत्तर: सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून ताणून गुंडाळा, दाब सारखा बसतो. धनुष्य ज्या साच्यावर आवळाल त्याला पॅकिंग टेप मात्र लावाच, नाहीतर धनुष्य साच्यालाच चिकटेल.

प्रश्नकर्ता: बांबूची बाहेरची बाजू तासू?

उत्तर: अजिबात नाही. ताण सोसणारे दाट धागे तिथेच असतात. मेणचट थर तेवढा हलकेच खरवडा. सपाट करायची ती आतली बाजू.